किती उंच वाटतं?

तीर्थस्वरूप ताईस,

वाकून नमस्कार. (वाकायला परवानगी आहे. साष्टांग अजून आठवडाभर नको, असं सिस्टरनी बजावलं आहे. डाव्या मनगटात सुई होती, तिथे भार द्यायचा नाही.) तुझा गुडघा कसा आहे? भावोजींचा खोकला गेला का, की अजूनही त्यांच्याआधी तोच खोलीत येतो? माझी प्रकृती उत्तम आहे. हे मी रीत म्हणून लिहीत नाही. माझ्याकडे तसं प्रमाणपत्र आहे. रक्त, लघवी, हृदयाचा आलेख, सगळं तपासून तीन डॉक्टरांनी लेखी दिलं आहे की हा माणूस निरोगी आहे आणि याच्यावर प्रयोग करायला हरकत नाही. सत्तावन्नाव्या वर्षी तीन माणसांनी एका गोष्टीवर सही करून आपल्याला निरोगी म्हणावं, याने बरं वाटतं. वाक्याच्या दुसऱ्या भागाकडे मी लक्ष दिलं नाही.

प्रयोग आपल्या मुंगीचाच. (मुंगी म्हणजे तुझी लेक, माझी एकुलती भाची. हे तुला सांगायला नको, पण माझी पत्रं भावोजी मोठ्याने वाचतात आणि मधेच थांबून ‘ही कोण?’ असं विचारतात.) मुंगी हे नाव तू ठेवलंस तेव्हा ती खरोखर तेवढीच होती. आता पाच फूट नऊ इंच आहे. तिच्याशी महत्त्वाचं बोलायचं असलं की मी तिला आधी बसायला सांगतो. तुम्ही सगळे उंच निघालात आणि मी पाच फूट दोनवर थांबलो, याबद्दल माझी तक्रार नाही. पुढे उंचीचा विषय येणार आहे म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.

ती काय करते, हे तू शेजारपाजारी ‘डोक्याचे फोटो काढते’ असं सांगतेस. ते चूक नाही, अपुरं आहे. मेंदूत डोपामीन नावाचं एक द्रव्य असतं. एखादी गोष्ट हवीशी वाटली, एखाद्या कामात गोडी वाटली, की ते पाझरतं. (ते, ती की तो, यावर तिच्या विभागात एकमत नाही. मुंगी ‘ते’ म्हणते, सिस्टर ‘ती’ म्हणतात आणि यंत्रावर बसणारा तंत्रज्ञ ‘तो’ म्हणतो, तेही ‘तो आज फार वाढलाय’ अशा सुरात, जसा काही भाचाच आहे. मी ‘ते’ कायम केलं आणि भिंतीवरच्या तक्त्यात तशी दुरुस्ती केली.) लक्ष न लागणाऱ्या मुलांना डॉक्टर एक उत्तेजक गोळी देतात. ती घेतली की डोपामीन वाढतं. किती वाढतं, आणि वाढल्यावर माणसाला काय वाटतं, हे मुंगी दोन वर्षं मोजते आहे. मोजायची युक्ती साधी आहे. मेंदूत डोपामीनला बसायला खुर्च्या असतात, असं समज. बाहेरून शिरेतून एक किरणोत्सारी औषध सोडायचं, त्यालाही नेमक्या त्याच खुर्च्या आवडतात. खुर्च्या रिकाम्या असल्या तर ते जाऊन बसतं आणि चित्रात ती जागा उजळ दिसते. डोपामीन आधीच ऐसपैस बसलेलं असलं तर बाहेरच्याला जागा मिळत नाही, चित्र फिकट येतं. फिकट चित्र म्हणजे गोळीने काम केलं. हे औषध तळघरात तयार होतं आणि दर वीस मिनिटांनी निम्मं होतं. म्हणून शिशाची पेटी घेऊन एक पन्नाशीचे गृहस्थ जिन्याने धावत वर येतात. लिफ्टवर त्यांचा विश्वास नाही. त्यांची पावलं ऐकू आली की सिस्टर सुई हातात घेतात आणि म्हणतात, “आले बघा, अर्धे व्हायच्या आत.”

प्रत्येक स्वयंसेवकाने दोनदा यायचं. एकदा खरी गोळी, एकदा हुबेहूब तशीच साखरेची. कुठल्या दिवशी कुठली, हे त्यालाही माहीत नसतं आणि मुंगीलाही नसतं. ते बंद पाकिटात, कुलपात. अठरा जणांचं झालं होतं. एकोणिसाव्याला ऐनवेळी सर्दी झाली आणि मुंगीने मला फोन केला. नात्यातलं माणूस चालतं का, हे तिने आधी प्रयोगाला परवानगी देणाऱ्या समितीला रीतसर विचारलं. समितीने कळवलं, मामा चालेल, नवरा चालणार नाही. (मुंगीला नवरा नाही. समितीला एवढी माहिती कशाला असावी?) मी लगेच हो म्हटलं. छापखान्याने मला निवृत्त करून वर्ष झालं. तीस वर्षं मुद्रितं तपासलेल्या माणसाला घरी बसवलं की तो दुधाच्या पिशवीवरचा मजकूर तपासू लागतो. निदान माझ्या डोक्याचा कोणाला तरी उपयोग होईल, असं वाटलं.

पहिल्या फेरीत सांगण्यासारखं काही नाही. गोळी घेतली, एक तास बाकावर बसलो, मग एका अरुंद फळीवर आडवा झालो. डोकं हलू नये म्हणून कोमट पाण्यात मऊ केलेली जाळी चेहऱ्यावर दाबून बसवतात. ती वाळली की आपल्याच चेहऱ्याचा साचा आपल्याला धरून ठेवतो. (साच्यात माझं नाक बरंच मोठं दिसतं. सिस्टर म्हणाल्या, तेवढंच आहे.) डोळ्यांसमोर एक पडदा. त्यावर दर दहा मिनिटांनी प्रश्न येतात आणि उजव्या हातातली चकती फिरवून शून्य ते दहापर्यंत आकडा लावायचा. किती थकल्यासारखं वाटतं? किती अस्वस्थ वाटतं? तुम्हाला आत्ता किती उंच वाटतं? मी ५.३ लावला. एक इंच जास्त लावला हे कबूल करतो. चकती माझ्या हातात होती आणि कोणी बघत नव्हतं. मग झोप लागली. दर दहा मिनिटांनी लाउडस्पीकरवरून तंत्रज्ञ उठवायचा, “काका, प्रश्न आलाय. घोरलात तर चित्र हलतं हं.” मी पुन्हा ५.३ लावायचो आणि पुन्हा झोपायचो.

दुसरी फेरी गेल्या मंगळवारी झाली. त्या दिवशी मला साखरेची गोळी मिळाली, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. काहीही झालं नाही. मी नेहमीसारखाच होतो. गोळी घेऊन बाकावर बसलो आणि वेळ जावा म्हणून संमतिपत्र पुन्हा वाचलं. चौदा पानं. इतका सुंदर मजकूर मी कित्येक दिवसांत वाचला नव्हता. त्यात एकसष्ट चुका निघाल्या. त्यांची पानवार, ओळवार यादी करून सिस्टरना दिली. त्या म्हणाल्या, “काका, बाकीचे लोक इथे मोबाईल बघतात.” मग आग विझवण्याच्या नळकांड्यावरच्या सूचना वाचल्या, तीनदा. त्या दर वेळी नव्याने आवडल्या. मग मान वर करून छताच्या एका चौकोनातली भोकं मोजली. अठ्ठेचाळीस गुणिले अठ्ठेचाळीस. असे चौकोन बत्तीस. गुणाकार मनात केला, उलट करून ताडून पाहिला आणि समोर बसलेल्या अनोळखी बाईंना उत्तर सांगितलं. त्या उठून दुसऱ्या बाकावर गेल्या. यात गोळीचा संबंध नाही. ही माझी सवय आहे, तू मला लहानपणापासून ओळखतेस.

मग जाळी, मग फळी, मग जिन्यात पावलं, मग सुई. पडद्यावर प्रश्न आला. तुम्हाला आत्ता किती उंच वाटतं? आणि या वेळी मी चकती फिरवण्याआधी ते वाक्य वाचलं. वाचलं म्हणजे छापखान्यात वाचायचो तसं, शब्द सुटा करून. वाटतं? उंची वाटत नाही. उंची असते. थकवा वाटतो, भीती वाटते, लाज वाटते. आडव्या पडलेल्या माणसाला विज्ञान दर दहा मिनिटांनी उंची कशाला विचारेल? तासाभरात ती बदलणार आहे का? आणि मग, ताई, मला ती दुपार आठवली.

तुलाही आठवत असेल. दोन वर्षं झाली. मुंगीने तुला वीस इंग्रजी शब्दांची यादी दिली होती आणि म्हटलं होतं, आई, तुझं इंग्रजी चांगलं आहे, मला साध्या मराठीत करून दे. तू हो म्हणालीस आणि मला फोन लावलास. “तू जन्मभर शब्दच चिवडलेस, सांग पटापट, माझा कुकर होत आलाय.” तू एक शब्द वाचायचीस, मी मराठी सांगायचो, तू लिहून घ्यायचीस. एज. वय. वेट. वजन. हाय. उंच. इथे मला शंका आली होती. वय, वजन या ओळीत ‘हाईट’ बसतं, ‘हाय’ बसत नाही. तीस वर्षांत शंका आली की मी समासात प्रश्नचिन्ह काढून कागद लेखकाकडे परत पाठवत आलो आहे. माझ्यामुळे मोठमोठ्या विद्वानांची पुस्तकं दोन-दोन महिने अडली आहेत. पण त्या दिवशी माझा चहा निवत होता आणि तुझ्याकडे शिट्टी झाली. मी म्हटलं, उंच, पुढे बोल. तू पुढे बोललीस. ‘तुम्हाला आत्ता किती अमुक वाटतं’ ही चौकट विभागात आधीच तयार होती. त्या अमुकच्या जागी एकेक शब्द टाकला गेला. यादी माणसाला काय काय वाटतं याची होती. वय आणि वजन तर मुंगी नंतर खोडणार होती. नशेची गोळी घेतल्यावर इंग्रजीत माणूस ‘हाय’ होतो, हे तुलाही माहीत आहे आणि मलाही माहीत आहे. माहिती असून उपयोगी पडली नाही, एवढंच.

बोलायला बंदी, हलायला बंदी, नाकावर माझ्याच नाकाचा साचा. दोन वर्षं अठरा माणसं या फळीवर येऊन पडली आणि स्वतःची उंची कळवून घरी गेली. शुक्रवारी मुंगी दोन वर्षांचे निष्कर्ष घेऊन समितीपुढे उभी राहणार होती. त्या एका प्रश्नावर तिचं सगळं उभं होतं. थकवा, अस्वस्थता, बाकी सगळं तोंडी लावण्यापुरतं. मला कसंही करून बाहेरच्यांना खूण करायची होती आणि हातात फक्त चकती होती. मी दहा लावला. मग शून्य. मग दहा. मग शून्य. लाउडस्पीकर खरखरला. “काका, नाडी एकशे बारा झालीय. बरं वाटतंय ना?” मी दहा-शून्य चालूच ठेवलं. आणि बटण बंद करायला विसरून तंत्रज्ञ आत सिस्टरना म्हणाला, “चढलीय बहुतेक काकांना.”

चढलीय! अगं, हाच तो शब्द. दोन वर्षं त्याच्या तोंडात तो पडून होता आणि कोणी विचारला नव्हता. पुढची चाळीस मिनिटं मी त्या एका क्रियापदाचा विचार करत पडून राहिलो. डोंगर चढतात, जिना चढतात, वेलही चढते. गोळी तेवढी आपल्याला चढते, आपण जागच्या जागी. मला फार गंमत वाटली. (हे गोळीमुळे नव्हे. क्रियापदांची मला आवड आहे.)

जाळी निघताच मी बिस्किटाकडेही न बघता मुंगीच्या खोलीत गेलो आणि तिला बसायला सांगितलं. ती बसलेलीच होती. म्हटलं, मुंगे, तुझ्या पाचव्या प्रश्नात ‘उंच’ म्हणजे काय? ती म्हणाली, “उंच म्हणजे हाय, मामा. तार लागल्यासारखं.” मी म्हटलं, तार लागल्यासारखं म्हणजे तार लागल्यासारखं. उंच म्हणजे पाच फूट दोन. ती हसली. मग हसायची थांबली. मग तिने संगणकावर दोन रकाने शेजारी शेजारी लावले. एकात लोकांनी लावलेले आकडे, दुसऱ्यात सिस्टरनी भिंतीशी उभं करून मोजलेली उंची. ब्लाउज शिवणाऱ्या बाई, पाच फूट दोन. दोन्ही दिवशी ५.२, केसभर इकडे-तिकडे नाही. तलावावरचे जीवरक्षक, सहा फूट, ६. गाडी शिकवणारे एक गृहस्थ भिंतीशी पाच सहा आणि फळीवर पाच आठ. (माणूस मला लगेच आवडला.) पाच फूट दहा इंचाच्या एका शिक्षकांनी ५.१० लावायला चकती फिरवली, तिच्यावर दशांश होता, इंच नव्हते, तेव्हा ते ५.१ वर थांबले. त्यांच्यावर गोळीचा परिणाम मंद होतो, असं मुंगीने आठव्या पानावर लिहून ठेवलं होतं. फक्त एका ग्रंथपालांनी दर वेळी शून्य लावलं होतं. उतरल्यावर ते सिस्टरना म्हणाले होते, “आडवा झाल्यावर कसली उंची?” सिस्टरनी नोंद केली होती: रुग्ण असंबद्ध बोलतो.

ताई, तिने यातून एक सिद्धांत काढला होता. एका दिवशी चित्र फिकट, दुसऱ्या दिवशी उजळ, म्हणजे मेंदूत तर डोपामीन वाढतं आहे. आणि माणूस दोन्ही दिवशी तोच आकडा लावतो. अर्थ काय? मेंदूला कळतं, माणसाला कळत नाही. आजवर कोणी असं म्हटलं नव्हतं. तिने चाळीस तक्ते केले होते. पहिल्या तक्त्यावर हेच वाक्य होतं, मोठ्या अक्षरात. ती त्या वाक्याकडे बघत बसली आणि स्वयंसेवकांसाठी ठेवलेला बिस्किटांचा पुडा तिने एकटीने संपवला. रडली नाही. रडली असती तर मी लगेच बोललो असतो. पुडा संपल्यावर म्हणाली, “मामा, आईला यातलं काही सांगू नकोस हं. तिने किती हौसेने करून दिलं होतं. तिला फार लागेल.” मी म्हटलं, नाही सांगत. माझं एवढंच बोलणं झालं. एवढंच मी करू शकलो.

मी गप्प राहिलो, असं तू म्हणशील. राहिलो. बुधवारी मुंगीला फोन केला, सांगायचं म्हणूनच केला. तिने उचलल्यावर विचारलं, जेवलीस का. जेवली होती. शुक्रवारी समितीच्या बैठकीला गेलो, शेवटच्या रांगेत बसलो. मुंगी उभी राहिली, चाळीसपैकी एकतीस तक्ते तिने काढून टाकले होते. म्हणाली, चित्रं बरोबर आहेत, पाचवा प्रश्न चूक आहे, उत्तरं बाद धरावीत. आवाज स्थिर होता. (तू जवळ असतीस तर तुलाही अभिमान वाटला असता आणि मलाही मोकळेपणाने वाटला असता.) अध्यक्षांनी विचारलं, भाषांतर कोणाचं? ती म्हणाली, “मी ते तपासलं नाही, सर. चूक माझी आहे.” मी पेन पाडलं आणि ते खुर्चीखाली बराच वेळ शोधलं. मग अध्यक्षांनी विचारलं, चूक सापडली कशी? आणि तिने माझ्याकडे बोट केलं. लोक मागे वळले. टाळ्या वाजल्या, ताई. अध्यक्ष चालत शेवटच्या रांगेपर्यंत आले, हात हातात घेतला आणि म्हणाले, असे डोळस स्वयंसेवक मिळत नाहीत. माझ्या हातात पेन होतं, तेही हललं.

निकाल बरा लागला. चित्रं मान्य झाली, खुर्च्यांचा हिशेब चोख आहे. फक्त वाटण्याचा भाग पुन्हा करायचा. आठ महिन्यांची मुदत मिळाली. मग ‘हाय’ला मराठी शब्द कोणता, यावर समिती पाऊण तास बसली. एका बाईंनी ‘हर्षोन्माद’ सुचवला. कोणी ‘तरल’ म्हणालं. ‘झिंग’ला दोन मतं पडली, पण ती शब्दकोशात दारूच्या शेजारी येते म्हणून समितीला ती छापायची लाज वाटली. अध्यक्षांना ‘ऊर्ध्व’ हवा होता. ‘किती ऊर्ध्व वाटतं?’ असं ते दोनदा म्हणून बघत होते. शेवटी तंत्रज्ञाला बोलावलं. तो दारातूनच म्हणाला, “सर, ‘गोळी चढलीय का’ असं विचारा की.” सगळ्यांनी ते लिहून घेतलं.

बाहेर आल्यावर मुंगीने मला मिठी मारली (म्हणजे माझा चेहरा तिच्या खांद्यात बुडाला) आणि म्हणाली, “मामा, तू नसतास तर मी हे छापून मोकळी झाले असते.” तेव्हा तरी सांगायला हवं होतं. पण मिठीत माणसाला बोलता येत नाही, तोंड दाबलं जातं. अहवालाचं पहिलं पान सोमवारी छापायला जातं. त्यावर ‘भाषांतर: आई’ असं आधीपासून आहेच, त्याची झेरॉक्स काढून तू शेजारी दिलीस हेही मला माहीत आहे. आता अध्यक्षांच्या आग्रहाने त्याखाली नवी ओळ येते आहे: ‘भाषांतरातली गंभीर चूक शोधून काढल्याबद्दल मामांचे आभार.’ खालीवर, एकाच पानावर, एकाच टायपात. मुद्रित तपासायला तिने माझ्याकडेच पाठवलं आहे. काना-मात्रा बिनचूक आहेत. मी अजून सही केलेली नाही.

बाकी सर्व ठीक. भावोजींना नमस्कार सांग. त्यांनी हे पत्र वाचताना ‘मुंगी कोण?’ असं विचारलंच, तर कंसातलं पुन्हा वाचून दाखव. गुडघ्याला शेक दे आणि जिना टाळ. लोभ आहेच, तो या पत्रानंतरही टिकवावा, एवढं मागतो.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. – पत्र लिहायचं खरं कारण आता सांगतो. मुंगी तुला रविवारी रात्री फोन करते, त्याआधी हे पत्र कुरियरने पोचेल. तेव्हा तू तिला सांग, की शब्द माझे होते, तू फक्त लिहून घेतलेस. तुझ्याकडून ते सहज जाईल. आईच्या तोंडून मामाची चूक ऐकायची मुलांना सवय असते. माझ्याकडून निघत नाही. मी तीनदा प्रयत्न केला, ते वर लिहिलंच आहे.

ता. क. २ – पाकीट चिकटवलं होतं, ते पुन्हा फोडलं. शनिवारी संध्याकाळी मुंगी स्वतःच आली. समितीने कुलपातली पाकिटं उघडली म्हणे. मला साखरेची गोळी पहिल्या फेरीत होती. मंगळवारची खरी होती. तेव्हा वर जिथे जिथे ‘यात गोळीचा संबंध नाही’ असं लिहिलं आहे, ते खोडलं असं समज. ती म्हणाली, “म्हणूनच तर ते वाक्य तुला दिसलं, मामा. गोळीशिवाय तू झोपूनच गेला होतास.” मी म्हटलं, नाही गं, ते वाक्य मला दिसलं कारण ते माझंच होतं. निघालं तोंडातून. गोळी उतरून चार दिवस झाले होते, त्यामुळे हे मी आपल्याच डोपामीनवर बोललो, एवढं तुझ्या लक्षात यावं.

ता. क. ३ – ती माझ्यावर रागावली नाही. मी तयारी करून बसलो होतो, तर ती एवढंच म्हणाली, “म्हणजे आईने माझी यादी वाचलीसुद्धा नव्हती?” तेव्हा ती रविवारपर्यंत थांबेल असं मला वाटत नाही. हे पत्र तुझ्या हाती पडेल तोवर तुझं सगळं ऐकून झालेलं असेल. मी तुझी बाजू घेतली. कुकरचं सांगितलं. ती म्हणाली, “तुम्ही दोघं अगदी सारखे आहात.” तुला हे टोचेल. मला ते आजवर कोणी म्हटलं नव्हतं, म्हणून मी ते ठेवून घेतलं.

ता. क. ४ – पहिल्या पानावर आता फक्त ‘भाषांतर: आई आणि मामा’ एवढंच जाईल, आभार रद्द. आणि शिक्षा दोघांना एकच झाली आहे. जुन्या अठरा जणांना फोन करून, झाल्या प्रकाराची माफी मागून, पुन्हा दोनदा फळीवर यायला राजी करायचं. नऊ तुझ्याकडे, नऊ माझ्याकडे. तुझ्या नऊ जणांचे क्रमांक सोबत जोडले आहेत. त्यातल्या चौघांनी जन्मात पुन्हा येणार नाही असं लेखी कळवलं आहे. वाटणी मी केली, पण हा निव्वळ योगायोग आहे.